मौन सभासदांना बोलते करताना

चावडीवर बोलणारे चार-दोन आणि ऐकणारे शंभर, हे चित्र आपल्याला नवे नाही. महाजालावरील समूहांतही तेच दिसते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ साली त्याचे ढोबळ गणित मांडले. शंभरांपैकी नव्वद सभासद केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतांश मजकूर उरलेल्या एकाकडून येतो. लाखो सभासदांच्या समूहाला हे प्रमाण परवडते. दोनशे जणांच्या समूहात मात्र सारा भार दोघांवर पडतो. त्यांपैकी एक जण कंटाळला की निम्मे काम थांबते.

मराठी विकिपीडिया हे आपल्या जवळचे उदाहरण. हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात कोणालाही लिहिता येते आणि सदस्यांच्या चर्चेच्या पानाचे नावही ‘चावडी’ असेच आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत. त्या मानाने येथे नियमित लिहिणारे अत्यल्प आहेत. म्हणूनच एकेक नवा लेखक टिकणे येथे मोलाचे ठरते.

न लिहिणाऱ्यांना आळशी ठरवणे सोपे असते. जेनी प्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र दिसले. अनेकांना वाचणे पुरेसे वाटते, आपण लिहिण्याची गरजच त्यांना भासत नाही. ही गरज जाणवून देता येते का, याचा शोध अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘मूव्हीलेन्स’ या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर घेतला. त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ‘तुमची आवड इतरांहून निराळी आहे, म्हणून तुमचे मत उपयुक्त आहे’ असे ज्यांना कळवले, त्यांनी अधिक चित्रपटांना गुण दिले. ‘जमेल तेवढे करा’ यापेक्षा ठरावीक आकडा सांगणेही अधिक परिणामकारक ठरले.

काम नेमके असावे, तसेच ते व्यक्तीच्या आवडीचेही असावे. इंग्रजी विकिपीडियावरील ‘सजेस्टबॉट’ ही संगणकीय प्रणाली सदस्याचे आधीचे लेखन पाहून त्याला सुधारणेस योग्य लेख सुचवते. सरसकट निवडलेल्या लेखांच्या तुलनेत असे लेख संपादित होण्याची शक्यता सुमारे चौपट असल्याचे २००७ साली आढळले.

तरीही पहिल्या पावलाचे स्वागत कसे होते, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे एक प्रमुख कारण दाखवून दिले. खोडसाळपणा रोखण्यासाठी केलेल्या नियमांचा आणि स्वयंचलित साधनांचा फटका सद्हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांनाही बसत होता. लिहिलेले क्षणात पुसले जाई, सोबत छापील साच्याची सूचना मिळे आणि नवखा परत फिरकत नसे. नवख्यांना निःसंकोच प्रश्न विचारता यावेत म्हणून तेथे २०१२ साली ‘टीहाऊस’ नावाचा विभाग सुरू झाला होता, तो याच जाणिवेतून.

सोसायटीचा गट असो, वाचकमंडळ असो वा माजी विद्यार्थ्यांचा समूह, चालकांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. ‘सर्वांनी सहभागी व्हावे’ हे आवाहन कोणालाच उद्देशून नसते. त्याऐवजी एकाच व्यक्तीला, तिला ठाऊक असलेल्या विषयावर, दहा मिनिटांत होईल एवढे काम सांगावे. त्याची पोच त्याच दिवशी द्यावी. चूक असल्यास ती पुसण्याआधी कारण सांगावे. ज्यांना केवळ वाचायचे आहे, त्यांना मात्र त्यावरून टोचू नये. आज वाचणाऱ्यांतूनच उद्याचा लिहिणारा पुढे येत असतो. तो आला तेव्हा त्याला ‘या, बसा’ म्हणणारे कोणी तरी तेथे असावे.