आवाज नव्हे, ठोका साठवा

पांढुर्णा-सौंसरकडे वरात निघाली की धुमाल या वाद्यपथकाच्या गाडीवर ऑक्टापॅड दिसतो. आठ रबरी पॅड, दोन काठ्या आणि मागे भलेमोठे स्पीकर. वाजवणारे हात तयारीचे असतात, पण त्यांचं वाजवणं उरतं ते कुणाच्या तरी मोबाईलमध्ये, फाटक्या आवाजात. त्याच ऑक्टापॅडच्या मागे ‘मिडी आउट’ लिहिलेलं पाच छिद्रांचं गोल सॉकेट असतं. वाजवणाऱ्या मुलांनी ते वापरायला लागावं, म्हणून हा लेख.

जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले. एक वाजवला की दुसराही वाजू लागला. वाद्यं एकमेकांशी जोडणाऱ्या मिडी या पद्धतीची ही पहिली जाहीर ओळख. त्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँड या वाद्यकंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी होते. दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड, पॅड-8, आला 1985 मध्ये. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता! तो फक्त ठोक्याची खबर दुसऱ्या यंत्राला द्यायचा.

मिडीचं मर्म तेच आहे. केबलमधून आवाज जातच नाही. कोणता पॅड वाजला आणि किती जोरात, एवढंच आकड्यांत जातं. जोर 1 ते 127 मध्ये मोजला जातो. ठोका नेमका कधी पडला, ते कॉम्प्युटर नोंदवतो. 1991 च्या जनरल मिडी मानकाप्रमाणे ड्रमसाठी दहावं चॅनल असतं. आकडा 36 म्हणजे बास ड्रम, 38 स्नेअर, 42 बंद हाय-हॅट. तबल्याचे बोल वहीत उतरवावेत, तशी ही नोंद. फरक इतकाच, की हाताचा जोरही तीत उतरतो.

म्हणून पांढुर्ण्यासारख्या गावात ही पद्धत फार कामाची आहे. वेगळी साउंडप्रूफ खोली नको, माइक नको. नागपूर-इटारसी मार्गावरच्या गाडीचा भोंगा रेकॉर्डिंगमध्ये शिरत नाही. एक ठोका चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येतो. पाच मिनिटांचं सीडी दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सुमारे 50 एमबी होतं. तेवढ्याच वादनाची मिडी फाइल बहुधा काही केबींत मावते. नागपूरच्या स्टुडिओला ती व्हॉट्सअॅपवरूनही पाठवता येते आणि तिथे हवा तो ड्रमसेट त्यावर चढवता येतो.

जोडणी सोपी आहे. रोलँडच्या एसपीडी-30 या ऑक्टापॅडला यूएसबी आहे. जुन्या एसपीडी-20 ला मिडी इंटरफेस लागतो; पॅडचं ‘आउट’ इंटरफेसच्या ‘इन’मध्ये घालायचं. मग रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक उघडायचा, त्यावर ड्रमचा प्लगइन लावायचा, मात्रा दाखवणारा क्लिक सुरू करायचा आणि वाजवायचं. ठोका दोनदा ऐकू आला, तर पॅडचा स्वतःचा आवाज बंद करा. एका पॅडवर मारताना शेजारचाही वाजत असेल, तर पॅडच्या सेटिंगमध्ये त्याची संवेदनशीलता कमी करा.

सगळ्यात जास्त छळते ती लेटन्सी, म्हणजे काठी पडल्यावर आवाज यायला होणारा उशीर. दोष बहुतेकदा मिडीचा नसतो. एक ठोका केबलमधून जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. उशीर होतो तो कॉम्प्युटरच्या बफरमध्ये. 44,100 च्या सॅम्पल रेटला 1024 चा बफर एकट्याने 23 मिलिसेकंद खातो आणि हात अडखळतो. 128 ला तोच उशीर तीनच्या आसपास येतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा आणि हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथवर ड्रम रेकॉर्ड करणं अशक्यच समजा.

क्वांटाइझचं बटण मात्र जपून वापरा. ते प्रत्येक ठोका मात्रेच्या रेषेवर ओढून बसवतं. वरातीच्या ठेक्यात किंचित मागे रेंगाळणारा जो झोल असतो, तो त्यात मरतो. माझ्या मते मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि दुरुस्ती तिच्या प्रतीवर करावी.

मिडीला सगळंच जमत नाही. ढोलकीच्या धुमेवर तळवा दाबून काढलेला घुमारा आठ पॅडांच्या ठोक्यांत मावत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांतली खंजेरीही तशीच. बोटांची सगळी नजाकत नुसत्या ठोक्यांत उतरत नाही. त्यांच्यासाठी माइकच हवा.

पण ऑक्टापॅडवर जे वाजतं, ते सगळं नोंदवता येतं. धुमालच्या वादकांनो, या हंगामात आपला एकेक ठेका दोन-दोन मिनिटं वाजवून मिडीत साठवा, फाइलला ठेक्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव द्या आणि तिची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.