चिखलातला पुरावा

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. घाटमाथ्यावरचा पाऊस, खाडीची भरती आणि कोळकेवाडी धरणाचं पाणी यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर पुढे बराच वाद रंगला. २००५ च्या महापुराची पातळी इथल्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात पक्की होती आणि माल वर चढवायचा तो त्याच अंदाजाने. या खेपेला पाण्याने तो अंदाज ओलांडला. माळ्यावरचा मालही भिजला.

पाणी ओसरलं की दुकानदारापुढे पहिला पेच चिखलाचा. भिजलेली धान्याची पोती दोन दिवसांत आंबतात, कापडाला बुरशी धरते, आरोग्याच्या भीतीने नगरपालिकाही सगळं तातडीने उचलायला बघते. पण नुकसानीचा पुरावा त्याच ढिगाऱ्यात असतो. पंचनामा व्हायचा असतो, विमा असेल तर सर्व्हेअर यायचा असतो, आणि रस्ते बंद असताना तो कधी पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून दुकान धुण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढायचे, भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांत दिसेल असे. विमा कंपनीला लगेच लेखी कळवायचं आणि माल हलवावा लागणार असेल तर तेही त्यात लिहायचं. ऐकायला सोपं आहे. चिपळुणात तेव्हा वीज नव्हती, मोबाइल बंद पडले होते आणि बिलांच्या फायलींचा लगदा झाला होता.

सरकारी मदतीचं गणित सरळ होतं. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपये जाहीर केले. एका मध्यम कापड दुकानात गणपतीच्या तोंडावर भरलेला माल काही लाखांचा असतो. तिथे ५० हजारांत साफसफाई, रंग आणि नवं फर्निचर एवढंही धड भागत नाही.

विम्यात खरी मेख आहे. बँकेची कॅश क्रेडिट असेल तर मालाचा विमा बहुधा बँकेनेच उतरवलेला असतो आणि पॉलिसी दुकानदाराने उघडून पाहिलेली नसते. पुराचं संरक्षण तिच्यात आहे का, पत्ता फक्त दुकानाचा आहे की मागच्या गल्लीतल्या गोदामाचाही, हे दावा करताना कळतं. त्याहून जास्त झोंबतो तो कमी विम्याचा नियम. समजा माल २० लाखांचा आहे, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचं. दुकानदाराला वाटतं, ६ लाख १० लाखांच्या आत आहेत, म्हणजे पूर्ण मिळतील. पण विमा निम्म्याच किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मीच: ३ लाख, आणि त्यातूनही ठरलेली वजावट. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. हप्ता वाचवायला निम्माच विमा काढणाऱ्याला या माफीचा उपयोग नाही.

जीएसटीचा घाव मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. १८ टक्के दराचे १ लाखाचे पंखे वाहून गेले, तर पंखे गेलेच, वर १८ हजार भरायचे. (कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराने क्रेडिट घेतलेलंच नसतं, त्यामुळे तो यातून सुटतो.) नैसर्गिक आपत्तीलाही इथे सवलत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. विकला न गेलेला माल गमावून बसलेल्या माणसाकडून त्याच मालावरचं क्रेडिट काढून घेण्यात कसला न्याय?

उधारीचा हिशोब कोणीच धरत नाही. किराणा दुकानदाराची अर्धी पुंजी खातेवहीत असते. ती वही भिजली की पंचनाम्यात तिची किंमत शून्य आणि विम्यातही शून्य. शिवाय ज्यांच्याकडे येणं आहे त्यांच्याही घरात पाणी शिरलेलं असतं, त्यांच्या दारात मागायला जायचं कुठल्या तोंडाने? मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याची बिलं मात्र तारखेला उभी राहतात. काही घाऊकवाले मुदत वाढवून देतात, नवा माल उधार पाठवतात. बाजारपेठ पुन्हा उघडायला अशा जुन्या ओळखी बरेचदा सरकारी मदतीच्या आधी कामाला येतात.

पुढे वाशिष्ठीतला गाळ उपसण्याचं काम सुरू झालं, पूररेषेवरून वाद झाले, आणि दर जुलैत माल वर चढवणं चालूच राहिलं. त्याआधी, मे महिन्यातच उरकून घेण्यासारखी कामं आहेत: पॉलिसीवर गोदामाचा पत्ता आहे ना ते पाहणं, गणपतीच्या मालासकट विम्याची रक्कम वाढवून घेणं, आणि स्टॉकची यादी, खरेदीची बिलं व उधारीच्या पानांचे फोटो दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवणं.