पाच फूट उंची आणि रोड बाइक: काही गैरसमज, काही मापे

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर मंद्रूप वसलेले आहे. तेथून सोलापूर वीस-पंचवीस किलोमीटरांवर. रस्ता रुंद, भूप्रदेश बव्हंशी सपाट, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असल्यामुळे सायकलस्वाराला जे अंतर काटायचे ते ऊन तापण्यापूर्वी काटणे भाग, अशी ही सारी परिस्थिती खाली वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरांच्या आणि वजनाला हलक्या रोड बाइकला अनुकूलच म्हटली पाहिजे. भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल, जेथील शके ९४० चा शिलालेख मराठीच्या प्राचीनतम लेखांत गणला जातो, तेही याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे आणि सायकलवरून सकाळच्या फेरीत पाहून येण्यासारखे आहे. तथापि या परिसरातील एखादी शिक्षिका, परिचारिका किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगी अशी सायकल घेण्याचा मनोदय बोलून दाखवते, तेव्हा घरातून आणि दुकानातून तिला बहुधा एकच उत्तर मिळते, ते असे की, "तुमची उंची कमी पडते, तुम्हाला ही जमायची नाही."

या उत्तराची शहानिशा करणे अगत्याचे आहे. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे; अर्थात दुकानाच्या दारात जिला ठेंगणी ठरवले जाते ती वस्तुतः या देशातील सर्वसाधारण स्त्री असते. अपुरी असते ती सायकलींच्या मापांची मालिका, कारण ती प्रामुख्याने पाश्चात्त्य पुरुषाचा देह डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली, आणि आपल्याकडच्या दुकानांत तर त्या मालिकेच्या खालच्या टोकाची मापे मागवलीच जात नाहीत. दोष देहाच्या पदरी बांधून मोकळे होण्याची ही रीत अन्यायाची आहे, इतके प्रथम स्पष्ट म्हणून मग एकेका समजुतीकडे वळू.

पहिली आणि सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की, सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सायकल मापाची. लहानपणी दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या पिढीला ही सुरक्षिततेची खूण वाटावी हे स्वाभाविक आहे. पण येथे थोडा हिशेब करून पाहावा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीची जांघेपासून टाचेपर्यंतची आतली लांबी साधारण ७० सेंटिमीटर भरते. सीटची उंची ठरवण्याचा एक प्रचलित ठोकताळा, जो फ्रेंच शर्यतपटूंच्या गोटातून आला आणि अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, तो असा की, या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे पायडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. ७० ला हे अंतर जवळजवळ ६२ येते. हा आस जमिनीपासून सुमारे २७ सेंटिमीटर वर असतो आणि सीटची नळी किंचित मागे कललेली असते, हे जमेस धरले तर सीटचा माथा जमिनीपासून ८६ सेंटिमीटरांच्या आसपास येतो. पाय ७० चा आणि सीट ८६ वर, तेव्हा दोन्ही पाय टेकणार कसे? ते सहा फुटी पुरुषाचेही टेकत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडीवर यावे आणि एक पाय जमिनीवर ठेवावा, हीच रोड बाइकवरून थांबण्याची रीत आहे, आणि ती मोकळ्या मैदानात थोड्या सरावाने अंगवळणी पडते. उलटपक्षी पाय टेकावेत म्हणून सीट खाली ओढली की पायडल तळाशी असतानाही गुडघा अतोनात दुमडलेला राहतो. वास्तविक त्या क्षणी तो २५ ते ३५ अंशांइतकाच वाकलेला असावा. सायकलने गुडघे दुखतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या खाली ओढलेल्या सीटमध्येच सापडते.

दुसरी समजूत फ्रेमच्या क्रमांकाविषयी आहे आणि येथे थोडे रेंगाळले पाहिजे, कारण पैसे वाया जातात ते बहुतकरून याच ठिकाणी. ४८, ५० किंवा 'स्मॉल' ही अक्षरे वाचून गिऱ्हाईक निश्चिंत होते. पण हा क्रमांक परंपरेने सीटच्या नळीची लांबी सांगणारा, आणि ती नळी कोठून कोठवर मोजायची याविषयी उत्पादकांत एकवाक्यता नाही. शिवाय आताच्या फ्रेमची वरची दांडी मागच्या बाजूस उतरती असते, त्यामुळे तिच्यावर पाय फाकून उभे राहता आले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शरीराला खरोखर जाणवतात ती दोन अंतरे: पायडलांच्या आसातून उभी रेषा वर काढली तर तिच्यापासून हँडल ज्या नळीत बसते त्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, ज्याला सायकलवाले 'रीच' म्हणतात, आणि त्याच माथ्याची आसापासूनची उंची, म्हणजे 'स्टॅक'. हात ताणले जातात की नाही, मान आखडते की नाही, हे या दोहोंवर अवलंबून असते. प्रत्येक नावाजलेला उत्पादक या मापांचा तक्ता प्रसिद्ध करतो, आणि तो मागून घेण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

आता हे रीच लहान फ्रेममध्ये अपेक्षेइतके लहान का होत नाही? याचे उत्तर चाकात आहे. रोड बाइकचे रूढ चाक, ज्याला ७०० सी म्हणतात, त्याच्या रिमवर टायर बसतो तेथील व्यास ६२२ मिलिमीटर असतो आणि २८ मिलिमीटरचा टायर चढवला की बाहेरचा व्यास ६८ सेंटिमीटरांच्या घरात जातो. फ्रेम कितीही आखूड करा, हे चाक आखूड होत नाही. आणि पुढचे चाक फार जवळ आणले तर ते वळवताना बुटाच्या टोकाला घासते. म्हणून उत्पादक पुढची नळी अधिक तिरपी करतो, सीटची नळी अधिक उभी करतो, आणि वरच्या दांडीचा आकडा कागदावर लहान करून दाखवतो. एक उदाहरण घेऊ. स्टॅक ५० सेंटिमीटर असलेल्या दोन फ्रेम आहेत. एकीची दांडी आडव्या मापाने ५१ सेंटिमीटर आणि सीटची नळी ७३ अंशांत, दुसरीची दांडी ५० आणि नळी ७५ अंशांत. दांडी पाहणारा दुसरीला लहान म्हणेल. रीच काढले तर पहिलीचे सुमारे ३५.७ आणि दुसरीचे ३६.६ सेंटिमीटर निघते; म्हणजे जी लहान म्हणून विकली गेली तीच जवळजवळ एक सेंटिमीटरने लांब! सीट पुढे सरकवून हे अंतर भरून काढावे असा सल्ला दुकानदार देतो, परंतु सीटची जागा पायांच्या सोयीने ठरायची असते, आणि हातांच्या अडचणीसाठी ती बिघडवणे म्हणजे एक दुखणे मिटवून दुसरे ओढवून घेणे होय. स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, १० सेंटिमीटरांऐवजी ८ चा किंवा ७ चा लावणे ही रास्त दुरुस्ती आहे; पण तिच्या आधारावर दोन मापे मोठी फ्रेम गळ्यात घालणे रास्त नाही.

चाकच मूळ अडचण असेल तर चाक लहान का करू नये, हा प्रश्न अमेरिकेतील यंत्र-अभियंता जॉर्जिना टेरी यांनी विचारला आणि १९८५ मध्ये स्वतःचा कारखाना काढून पुढे २४ इंची व मागे नेहमीचे चाक अशा सायकली लहान चणीच्या स्त्रियांसाठी बाजारात आणल्या. पुढे जर्मनीच्या कॅन्यन कंपनीने आपल्या सर्वांत लहान मापांना दोन्ही चाके ६५० बी या प्रकारची दिली. लहान चाक म्हणजे पोरांची सायकल, ती संथच चालणार, ही समजूत येथे आड येते. ६५० बी चा रिमवरील व्यास ५८४ मिलिमीटर, म्हणजे रूढ चाकाहून सहा टक्क्यांनी कमी. हा फरक गियरच्या दात्यांत भरून निघतो. लहान चणीमुळे वेग कमी पडतो असेही नाही: बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली वैयक्तिक कालबद्ध शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या ब्रिटनच्या एमा पूली अवघ्या १५७ सेंटिमीटर उंचीच्या आहेत. राहता राहिला सुट्या भागांचा प्रश्न. आडगावी अशा चाकाची ट्यूब कोठून आणायची ही शंका वाजवी आहे. परंतु आपल्याकडे माउंटन बाइकसाठी '२७.५ इंची' म्हणून जे चाक विकले जाते त्याचा रिमवरील व्यास नेमका हाच ५८४ असतो. टायर मात्र त्या सायकलींचे फार रुंद येतात, तेव्हा बारीक टायरांची जोडी आणि त्यांना साजेशा दोन-तीन ट्यूब आधीच मागवून ठेवणे इष्ट. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ती तजवीज कोणत्याही चाकासाठी करावीच लागते.

'लेडीज सायकल' घ्या, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्या सायकलीची दांडी खाली वाकवली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लांब झग्यांच्या सोयीसाठी, आणि आपल्याकडे ती साडीला उपयोगी पडली. पोशाखाची ही सोय मोलाची होती, तिने कितीक मुलींना शाळेपर्यंत पोहोचवले. पण उंची किंवा हातांची लांबी यांच्याशी तिचा काही संबंध नाही. १८९४ मध्ये बोस्टनहून जगप्रवासाला निघालेल्या अ‍ॅनी लंडनडेरी यांनी सुमारे १९ किलो वजनाची स्त्रियांची सायकल शिकागोला टाकून तिच्या निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, आणि त्यासाठी पोशाखही बदलला. ज्या स्त्रीला दुधाची किटली घेऊन गल्लीतून जायचे आहे तिने वाकलेल्या दांडीची सायकल अवश्य घ्यावी. जिला सोलापूर गाठून परतायचे आहे तिची गरज निराळी आहे.

याच्या जोडीला एक शास्त्रीय वाटणारे विधानही प्रचारात आहे: स्त्रियांचे पाय लांब आणि धड आखूड असते, म्हणून त्यांची फ्रेम वेगळीच हवी. सारख्या उंचीच्या स्त्रीपुरुषांची मापे ताडून पाहिली तर असा सरसकट नियम सिद्ध होत नाही. दोन स्त्रियांमधला फरक हा सरासरी स्त्री आणि सरासरी पुरुष यांच्यातील फरकाहून पुष्कळदा मोठा भरतो. स्पेशलाइज्ड या अमेरिकी कंपनीने आपल्याकडे जमा झालेल्या हजारो सायकलस्वारांच्या मापांचा अभ्यास केल्यावर स्त्रियांसाठी स्वतंत्र फ्रेम आखण्याचे धोरण सोडले. तैवानच्या जायंट कंपनीत २००८ मध्ये बॉनी तू यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या लिव्ह या ब्रँडने मात्र स्त्रियांसाठी वेगळी आखणी चालूच ठेवली आहे, आणि तिच्याकडे लहान मापे खरोखर लहान मिळू शकतात. माझे मत असे की, फ्रेमवर कोणाचे नाव आहे हे सोडून द्यावे आणि रीचचा आकडा वाचावा. पोलके शिवताना जसे आपलेच माप शिंपिणीला देतो, तसे येथेही आपलेच माप चालते, स्त्रीजातीचे सरासरी माप कामाचे नाही.

सीटविषयी मात्र स्त्री-पुरुष भेदाला आधार आहे. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांतील अंतर स्त्रियांत सरासरीने अधिक असते, आणि म्हणून सीटची मागची रुंदी पुरेशी हवी. पण रुंद म्हणजे जाड, मऊ, जेल भरलेली सीट, असा अर्थ काढणे चुकीचे. मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर सरकतो. तासाभरानंतर जी बधिरता येते तिच्याविषयी स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत, आणि सायकल कोपऱ्यात पडून राहते. कठीण बाकावर पन्हाळीचा पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसावे, उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर मोजावे, आणि त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद, मध्ये खाच असलेली, बेताची टणक सीट मागावी.

क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, आखूड झाला की जोर कमी होतो असेही मानले जाते. जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून पाहिले, तेव्हा दोन टोकांच्या लांबींवर शक्ती अवघी चार टक्क्यांच्या आसपास घटलेली आढळली, आणि १४५ व १७० मध्ये उल्लेखनीय फरक दिसला नाही. १७६ सेंटिमीटर उंचीचा व्यावसायिक शर्यतपटू तादेइ पोगाचारसुद्धा २०२४ पासून १६५ चे क्रँक वापरतो. तरीही आपल्याकडे लहान फ्रेमला सर्रास १७० चे क्रँक लावून मिळतात. पाच फुटी स्त्रीने १६० किंवा १६५ चे मागावेत. गुडघा वर येताना पोटाशी कमी दुमडतो, आणि बुटाचे टोकही पुढच्या चाकापासून थोडे दूर राहते. हे टोक चाकाला लागणे हा सायकलीतील दोष आहे असे समजून घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण चाक तितके वळते ते केवळ चालण्याच्या गतीने वळण घेताना. अरुंद बोळात वळताना बाहेरचा पाय मागे ठेवला की काम भागते.

शेवटी हात. खांद्यांपेक्षा फार रुंद हँडल धरून कोपर ताणून बसावे लागू नये. ३६ किंवा ३८ सेंटिमीटरचे हँडल लहान चणीला सोयीचे पडते. ब्रेकच्या खटक्याची पोच हा तर जिवाचा प्रश्न आहे. गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या महामार्गावर अचानक आडव्या येतात, आणि त्या वेळी बोटे खटक्यापर्यंत पोहोचलीच नाहीत तर बाकी सारी मापे बिनचूक असूनही निरुपयोगी ठरतात. बहुतेक आधुनिक खटक्यांना पोच कमी करणारा बारीक स्क्रू असतो. तो दुकानातच फिरवून घ्यावा, आणि हँडलच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पकडींतून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबून पाहावा. दुकानात जाण्यापूर्वी घरी भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट धरून, त्याच्या वरच्या कडेची उंची पेन्सिलीने भिंतीवर टिपावी, म्हणजे आतल्या लांबीचा आकडा हाताशी राहतो. दुकानात सीट प्रथम त्या आकड्याला ०.८८३ ने गुणून येणाऱ्या उंचीवर बसवून घ्यावी, मग कोपर किंचित वाकवून हँडल गाठता येते का ते पाहावे, आणि दहा-पंधरा मिनिटे तरी चालवल्याशिवाय विसार देऊ नये. लहान माप शिल्लक नाही म्हणून मोठे "बसवून देतो" असे कोणी म्हणाले, तर मागणी नोंदवून महिनाभर थांबणे अधिक किफायतशीर ठरते.