छाप आणि आठवण

दिल्लीच्या जुन्या तटबंदीच्या वायव्येस, सदर बाजार आणि रिज नावाने ओळखली जाणारी टेकडी यांच्या दरम्यान, ‘बडा हिंदूराव’ नावाची वस्ती आहे. नाव मराठी आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला आणि त्यानंतर त्याचा टेकडीवरील वाडा हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या लढाईत तेथे इंग्रजी फौजेचे ठाणे होते. विसाव्या शतकात त्याच जागी रुग्णालय उभे राहिले. आज या परिसरात नित्य वावरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हिंदूराव कोण होते हे ठाऊक असते. मात्र नाव सर्वांच्या तोंडी आहे.

रोजच्या वापरातील वस्तूंच्या नावांचीही अशीच गत होते. महाराष्ट्रातील कित्येक घरांत वनस्पती तुपाला आजही ‘डालडा’च म्हणतात, मग डबा कोणत्याही कारखान्याचा असो. १९७० नंतरच्या दशकात वाढलेली पिढी अशा नावांविषयी आणि त्यांच्या जाहिरातींविषयी विलक्षण जिव्हाळ्याने बोलते. या जिव्हाळ्यामागे काय आहे, आणि त्यात त्या काळाचे खरे चित्र कितपत उमटते, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी बडा हिंदूरावचा परिसर सोयीचा आहे. कारण माल तयार करणारी गिरणी, तो घाऊक विकणारा बाजार आणि तो वापरणारी कुटुंबे ही तिन्ही तेथे एकमेकांना लागून होती.

सुट्या मालाकडून बंद डब्याकडे

व्यापारी नावासाठी मराठीत पूर्वीपासून ‘छाप’ हा शब्द रूढ आहे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याला चित्र ओळखता येत असे. म्हणून दंतमंजनावर माकड, आगपेटीवर घोडा, डब्यावर ताडाचे झाड. छाप ही वाचण्याची नव्हे, ओळखण्याची खूण होती.

अशा खुणेची गरज का पडली? तेल, तूप, पीठ, मसाला, साबण ही सर्व जिन्नसे दुकानात सुटी मिळत. वाणी ती तागडीत तोलून रद्दीच्या कागदात बांधून देई. माल चांगला की वाईट, याची हमी म्हणजे वाण्याची ओळख. परंतु फाळणीनंतर दिल्लीची वस्ती झपाट्याने वाढली. नव्या गिऱ्हाइकाला वाणी अनोळखी आणि वाण्याला गिऱ्हाईक अनोळखी. भेसळीची भीती घरोघर होती. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला, पण कायद्याने भीती नाहीशी होत नाही. तेव्हा ग्राहकाचा विश्वास हळूहळू वाण्याच्या चेहऱ्यावरून डब्यावरील चित्राकडे वळला. जाहिरातीचे मुख्य कार्य हे स्थलांतर घडवून आणणे हेच होते. वजने-मापांचा नवा कायदा १९७६ साली झाला आणि त्याखालील १९७७ च्या नियमांनी बंद वेष्टनावर वजन व किंमत छापणे आवश्यक केले. जे काम छापेने सुरू केले होते, त्याला अशा रीतीने कायद्याची जोड मिळाली.

बडा हिंदूरावच्या लगतचा सदर बाजार हा उत्तर भारतातील मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक. साबणाच्या पेट्या, बिस्किटांचे डबे, कंगवे, आरसे, पेनांच्या शाया असा नाना प्रकारचा माल तेथे हातगाड्यांवरून येई आणि दूरच्या गावांकडे जाई. मुंबईत कल्पिलेली जाहिरात पडद्यावर दिसे तेव्हा तिचा माल अशाच बाजारांतून वाट काढत असे. माल दुकानात पोहोचला नाही, तर उत्तमातील उत्तम जाहिरातही व्यर्थ ठरे.

दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा आरंभ

भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीतच १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात झाला. रोजचे प्रक्षेपण १९६५ पासून सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. हे माध्यम शिक्षण आणि शेती यांच्या प्रसारासाठी आहे, अशी शासनाची भूमिका असल्यामुळे पहिली सोळा वर्षे पडद्यावर जाहिरात नव्हती. त्याआधी नभोवाणीने वाट मोकळी केली होती: विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईहून जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले. सिलोनच्या नभोवाणीवरील ‘बिनाका गीतमाला’ तर १९५२ पासूनच एका दंतमंजनाचे नाव अमीन सायानी यांच्या आवाजात घरोघर पोहोचवीत होती.

दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ रोजी. त्याच वर्षी १ एप्रिलला ‘दूरदर्शन’ आकाशवाणीपासून वेगळे झाले. पडदा कृष्णधवल, वाहिनी एक आणि प्रक्षेपण सायंकाळचे. जाहिराती कार्यक्रमाच्या मध्ये न येता आधी वा नंतर एकापाठोपाठ दाखविल्या जात. संच फार थोड्या घरांत होते. त्यामुळे ज्याच्या घरी संच त्याच्या दिवाणखान्यात ‘चित्रहार’ला किंवा रविवारच्या चित्रपटाला आळीतील मुले जमत. त्या काळच्या जाहिराती स्मरणात का रुतून बसल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी या परिस्थितीत सापडते.

स्मरणाची रीत

मनोवैज्ञानिकांना या संदर्भात तीन गोष्टी आढळल्या आहेत. पहिली पुनरावृत्तीची. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ परिचयामुळेच ती आवडू लागते. दुसरी वयाची. उतारवयातील माणसांना आयुष्यातील प्रसंग आठवावयास सांगितले असता, सुमारे दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात. तिसरी सुरावटीची. लय आणि यमक यांनी बांधलेले शब्द सुट्या शब्दांहून सहज पाठ होतात. आपल्याकडील पाढे आणि ओव्या याच नियमाने पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

या तिहींना त्या दशकात सामुदायिकतेची जोड मिळाली. एकच वाहिनी असल्यामुळे जे एकाने पाहिले तेच सर्वांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत एकाने सुरावट गुणगुणताच उरलेले ती पुरी करीत. भाषा, जात वा प्रांत कोणताही असो, ही ठेव समाईक होती. आज जाहिराती अगणित आहेत, पण प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळ्या. म्हणून ओढ वाटते ती साबणाची नसून पुष्कळांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहण्याची असते.

या ओढीला पाश्चात्य भाषांत जो शब्द रूढ आहे, तो योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे १६८८ साली घडविला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते आणि तो शब्द घरापासून दूर असलेल्यांच्या व्याधीचे नाव होता. मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो. आपल्या शब्दात वेदना नाही, रंजन आहे. आणि रंजन म्हणजे रंगविणेही असते.

रंगविलेल्या तारखा

ज्या जाहिराती आपण ‘सत्तरच्या दशकातील दूरदर्शनच्या’ म्हणून सांगतो, त्यांतील अनेक तशा नव्हत्या. धबधब्याखाली नाचणाऱ्या तरुणीची लिरिल साबणाची जाहिरात १९७५ च्या सुमाराची खरी, पण तिचे हिरवे-निळे रंग लोकांनी पाहिले ते चित्रपटगृहात. दूरदर्शनवर रंग आला तो १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी. सर्फची चोखंदळ ‘ललिताजी’ १९८० नंतरच्या दशकातील. ती भूमिका कविता चौधरी यांनी केली आणि कल्पना अलेक पदमसी यांच्या लिंटास या संस्थेची. बजाज स्कूटरची गाजलेली जाहिरात १९८९ ची. अमूल लोण्याची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी १९६६ पासून रस्त्यांवरील फलकांवर होती. स्मृती चित्रपटगृह, नभोवाणी, फलक आणि दूरदर्शन यांचा माल एकाच गोणीत भरते व त्यावर एकच वर्ष लिहिते.

ललिताजीमागील अर्थकारण लक्षात घेण्याजोगे आहे. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये गुजरातेत ‘निरमा’ ही धुण्याची पूड घरीच तयार करून विकावयास आरंभ केला. सर्फच्या मानाने तिची किंमत फारच कमी होती. गिरणी कामगार आणि कारकून यांच्या घरांत पूड शिरली ती या स्वस्ताईमुळे. ललिताजी स्वस्त आणि किफायतशीर यांतील भेद समजावून सांगत होती. म्हणजेच एक मोठी कंपनी एका लहान उद्योजकाच्या आव्हानाला उत्तर देत होती. प्रेक्षकाला आठवते ती पांढरी साडी. स्पर्धा विसरली जाते.

जे पडद्यावर नव्हते

त्या काळातील निवड आजच्यासारखी मुबलक नव्हती. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. वनस्पती तूप व साखर यांची वारंवार टंचाई होई. एच.एम.टी.चे घड्याळ लग्नात किंवा परीक्षेतील यशाबद्दल मिळे आणि जन्मभर वापरले जाई. डालडाच्या रिकाम्या डब्यात डाळ ठेवीत, पुढे त्यालाच भोके पाडून तुळस लावीत. वस्तू कमी होत्या, म्हणून त्या जवळच्या झाल्या. या जवळिकीला आपण आज गुण मानतो. त्या वेळी ती बहुतेकांची अडचण होती.

राजकीय बाजूही आहे. दूरदर्शनवर पहिल्या जाहिराती आल्या तेव्हा देशात आणीबाणी चालू होती. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीतील तुर्कमान गेटजवळ घरे पाडण्यात आली आणि विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. बडा हिंदूरावपासून हे ठिकाण काही किलोमीटरांवर आहे. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि दूरदर्शन शासनाच्या हाती होते. हे दृश्य पडद्यावर आले नाही. साबणाची जाहिरात आली. त्या वर्षातील पडद्याची आठवण गोड आहे ती काही अंशी अशा वगळण्यामुळेच.

शीतपेयांची कथाही तशीच उद्बोधक आहे. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी अमान्य झाल्यामुळे कोका-कोला कंपनी १९७७ साली भारतातून गेली. मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या सरकारी उपक्रमाने त्या वर्षाचे नाव धारण करणारे ‘डबल सेव्हन’ बाजारात आणले. पार्लेचे ‘थम्स अप’ आणि दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचे ‘कॅम्पा कोला’ही पुढे आले. सरकारी पेय लवकरच मागे पडले. कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि तिने थम्स अप विकत घेतले. कॅम्पा हे नाव रिलायन्सने २०२२ मध्ये मिळवून पुढील वर्षी पुन्हा बाजारात आणले. हे पेय नव्या पिढीला नवे आहे. जुन्या पिढीला मात्र तिची स्वतःचीच आठवण बाटलीत भरून विकली जाते.

गिरणी आणि नाव

बडा हिंदूराव येथेच १८८९ साली स्थापन झालेली दिल्ली क्लॉथ मिल होती. डी.सी.एम. ही तीन अक्षरे उत्तर भारतात कापडाची छाप म्हणून घरोघर परिचित होती. भोवतालच्या वस्तीचा दिनक्रम गिरणीच्या पाळ्यांवर चाले. शहराच्या १९६२ च्या बृहत् आराखड्याने अशा मोठ्या कारखान्यांना दाट वस्तीत स्थान नाकारले आणि दीर्घ वादानंतर १९८९ साली गिरणी बंद झाली. जमिनीचे मोल कापडाहून अधिक झाले होते. परळ आणि लालबाग येथील वाचकाला ही कथा निराळी सांगावयास नको.

कापडाची जाहिरात अनेकांना आठवते. ते विणणाऱ्या कामगाराचे नाव कोणत्याही जाहिरातीत नव्हते, म्हणून ते आठवणीतही नाही. एच.एम.टी.चा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तेव्हा जुनी घड्याळे जमविणाऱ्यांची झुंबड उडाली. घड्याळाची किंमत वाढली. ज्यांनी ती जुळविली त्यांचे काम मात्र संपले.

म्हणून स्मरणरंजन त्याज्य ठरते असे नव्हे. सामान्य माणसाच्या घरात काय शिजले, कशाने धुतले गेले, कशासाठी पैसे साठविले गेले, हे सरकारी दप्तरांत क्वचितच सापडते. जाहिरातीची सुरावट हे त्या इतिहासाचे दार आहे. मात्र दारापाशीच थांबू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी एखादी जुनी छाप आठवून सांगितली की त्यांना आणखी चार प्रश्न विचारावेत: ती वस्तू प्रथम कोठे पाहिली, तिला किती पैसे पडले, ती मिळेपर्यंत काय वापरीत होता, आणि ती तयार करणारे कोण होते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतील. चौथ्याचे उत्तर मिळविण्यासाठी बडा हिंदूरावसारख्या वस्त्यांतील जुन्या कामगारांकडे जावे लागेल, आणि ते उरले आहेत तोवरच जावे लागेल.