एकेका सोर्सचा हिशेब

इलेक्ट्रिकल शाखेच्या पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरला सुपरपोझिशन थिअरम भेटतो आणि पेपरात त्यावर एक गणित हमखास पडतं. कृती सगळ्यांना पाठ असते. एक सोर्स चालू ठेवायचा, बाकीचे व्होल्टेज सोर्स शॉर्ट करायचे, करंट सोर्स ओपन करायचे, करंट काढायचा. मग पुढच्या सोर्सची पाळी. शेवटी चिन्हांसकट बेरीज. पुस्तकात शेजारच्याच पानांवर थेवेनिन आणि नॉर्टन असतात. त्यांची नावं त्यांच्या थिअरमना कायमची चिकटली, याला मात्र कुणाचंच नाव लागलं नाही. खरं तर विद्युतप्रवाहांच्या संदर्भात हे तत्त्व 1853 सालीच स्वच्छ शब्दांत मांडलं गेलं होतं. मांडणारा माणूस इंजिनीअर नव्हता. तो शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता.

हर्मन हेल्महोल्ट्झ तेव्हा प्रशियातल्या कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवत होते. याच विद्यापीठात आठ वर्षांपूर्वी, 1845 मध्ये, गुस्ताव किर्खहोफ या विद्यार्थ्याने करंट आणि व्होल्टेजचे आपले दोन नियम मांडले होते. हेल्महोल्ट्झ यांचा विषय होता स्नायूंतली आणि मज्जातंतूंतली वीज. बेडकाच्या मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने धावते, हेही त्यांनी इथेच मोजलं. अडचण अशी होती की स्नायूत एका जागी बसवलेली बॅटरी नसते. विजेचे असंख्य बारीक उगम आतभर पसरलेले असतात आणि तारा टेकवता येतात त्या फक्त पृष्ठभागावर. मग बाहेर मोजलेल्या व्होल्टेजवरून आतलं काय सांगता येईल?

हा गुंता सोडवण्यासाठी त्यांना सुपरपोझिशन लागलं. प्रत्येक उगम एकटाच असता तर एखाद्या बिंदूवर जेवढं व्होल्टेज आलं असतं, त्या सगळ्यांची बैजिक बेरीज म्हणजे तिथलं प्रत्यक्ष व्होल्टेज. त्याच निबंधात ते पुढे गेले आणि बजावलं, की पृष्ठभागावर अगदी तेच व्होल्टेज देणाऱ्या आतल्या रचना असंख्य असू शकतात. आज ईईजीच्या आलेखावरून मेंदूतली नेमकी जागा शोधणाऱ्यांना हीच मर्यादा आडवी येते. कवटीवरच्या नोंदीतून आतला उगम काढायचा तर शरीराविषयी जास्तीचं काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

आज आपण थेवेनिनच्या नावाने शिकतो ते प्रमेयही याच निबंधात आहे. फ्रेंच तारखात्यातले इंजिनीअर लेऑं थेवेनिन यांनी ते 1883 मध्ये स्वतंत्रपणे मांडलं आणि नाव त्यांचं झालं. तारखात्याच्या माणसांनी स्नायूंवरचा जर्मन निबंध वाचावा, ही अपेक्षाच जरा जास्त होती!

थिअरमची खुमारी मात्र इतिहासापेक्षा आकड्यांत आहे. एक 12 व्होल्टची आणि एक 6 व्होल्टची बॅटरी घ्या. दोघींना 4 ओहमचा एकेक रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावा आणि तिसरा 4 ओहमचा रेझिस्टन्स दोघींत सामाईक ठेवा. एकट्या 12 व्होल्टमुळे त्या सामाईक रेझिस्टन्समधून 1 अँपिअर जातो, एकट्या 6 व्होल्टमुळे 0.5. एकूण 1.5. आता लहान बॅटरीकडे बघा. ती स्वतः 1 अँपिअर बाहेर ढकलते आणि मोठी तिच्या अंगात 1 अँपिअर घुसवू पाहते. प्रत्यक्षात तिच्यातून काहीच वाहत नाही. अँमीटर शून्य दाखवेल. ते शून्य कुठून आलं हे सुपरपोझिशनच सांगतं.

पॉवरच्या बाबतीत मात्र हा हिशेब फसतो. सामाईक रेझिस्टन्समध्ये एकेकट्याने 4 आणि 1 वॅट खर्च होतात, दोघी मिळून मात्र 5 नव्हे, 9. पॉवर करंटच्या वर्गावर चालते. थिअरमचा अंमल फक्त रेषीय नात्यांवर.

विसाव्या शतकात ही कल्पना प्रत्यक्षात नसलेल्या सोर्सपर्यंत ताणली गेली. वेस्टिंगहाऊसमधल्या चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी 1918 मध्ये दाखवलं, की थ्री फेजची कितीही बिघडलेली, असंतुलित अवस्था तीन शिस्तशीर संचांत फोडता येते. संच वेगवेगळे सोडवा, उत्तरं मिळवा. लाइनवरच्या फॉल्टचं गणित आजही याच वाटेने जातं. आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला 1500 व्होल्ट डीसीवर विजेची गाडी धावली. एका ओव्हरहेड तारेला अनेक सबस्टेशनं आणि तारेखाली अनेक गाड्या: प्रत्येक गाडी अमुक इतका करंट खेचते असं धरलं, की एकेका गाडीमुळे होणारा व्होल्टेज ड्रॉप काढून बेरीज करता येते. दोन्ही टोकांनी फीड केलेल्या डिस्ट्रिब्युटरचं पाठ्यपुस्तकातलं गणित ते हेच.

पुढे ट्रान्झिस्टर आला. तो रेषीय नाही, पण सिग्नल लहान असेल तर तसा मानता येतो. म्हणून बायसचं डीसी वेगळं आणि सिग्नलचं एसी वेगळं सोडवायची रीत पडली. 1973 मध्ये बर्कलीहून स्पाइस हा प्रोग्रॅम बाहेर पडला. तो सगळे सोर्स एकदमच मॅट्रिक्समध्ये घालतो, पाळ्या लावत बसत नाही. हाताने करंट काढायची पद्धत म्हणून सुपरपोझिशनचा उपयोग तिथेच संपला, असं माझं मत. त्याच स्पाइसला नॉइज काढायला सांगा, तो एकेका रेझिस्टन्सचा, एकेका ट्रान्झिस्टरचा वाटा वेगळा मोजतो. तिथे तर पॉवरचीही सरळ बेरीज चालते, कारण या नॉइजचा एकमेकांशी संबंध नसतो.

पेपर काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती. तीन सोर्सचं सर्किट देऊन एकूण करंट विचारणं सोडा, तो नोडल पद्धतीने लवकर निघतो. त्याऐवजी एखाद्या बॅटरीतून शून्य करंट का वाहतो, हे विचारा आणि त्याला पाच मार्क ठेवा.