पहिलं पाऊल कुठे पडतं? (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावाची पुढची फळी पाहिली. तिच्या मागे चार-पाच यार्डांवर उभा असतो लाइनबॅकर. चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडायचं, पास पडणार असेल तर मागे धावायचं आणि प्रशिक्षकाने सांगितलं की थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं, ही तिन्ही कामं त्याची. पूर्वी या जागेवर एकशेदहा किलोच्या पुढचाच गडी शोधत. पण आता सगळे संघ पासवर भर देतात. बचाव करणारा संघ निम्म्याहून अधिक वेळा एक लाइनबॅकर बाहेर बसवून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आणतो. जो मैदानात उरतो त्याला पळता आलंच पाहिजे. म्हणूनच क्लीव्हलंड ब्राउन्सने २०२१ मध्ये जेरेमाया ओवुसू-कोरामोआ या जेमतेम शंभर किलोच्या खेळाडूला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत उचललं.

असा लहान चणीचा, चपळ खेळाडू जोखायचा कसा? बहुतेक जण आधी घड्याळ बघतात. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, ४० यार्डांची धाव मोजतात. तो आकडा खोटा नसतो, पण तिथे खेळाडू सरळ रेषेत आणि स्वतःच्या मर्जीने सुटतो, वाटेत त्याला कुणी धडकत नाही. सामन्यात त्याच्या अंगावर एकशेचाळीस किलोचा गार्ड चालून येतो.

म्हणून मी चित्रफीत बघताना चेंडूकडे बघतच नाही. स्नॅप झाल्या क्षणी लाइनबॅकरचं पहिलं पाऊल कुठे पडतं, तेवढंच बघायचं. गार्ड समोर न घुसता एक पाऊल मागे घेऊन बाजूला धावत सुटला, तर चेंडू बहुधा त्याच बाजूने येणार. हे ज्याने ओळखलं तो गार्ड पोहोचायच्या आत फटीत शिरलेला असतो, मग त्याचं वजन कुणी विचारत नाही. उलट क्वार्टरबॅकने रनिंग बॅकच्या हातात चेंडू देण्याची नुसती हूल दिली आणि हा दोन पावलं पुढे धावला, की त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पास पडतो. चुकीच्या दिशेने धावणारा जितका वेगवान, तितका तो खेळातून लांब जातो.

दुसरी गोष्ट हातांची. धडक टळलीच नाही, तर हात आधी कुणाचे पोहोचतात आणि खांदा कुणाचा खाली असतो? इथे बुटकेपणा कामीही येतो. याचा सर्वात मोठा दाखला सॅम मिल्स. उंची ५ फूट ९ इंच, वजन १०४ किलोच्या आसपास, शाळेत असताना कुस्तीही खेळलेला. ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नाही, एनएफएलमध्ये ब्राउन्सने आणि कॅनडात टोरोंटो आर्गोनॉट्सने परत पाठवलं. न्यू जर्सीत शाळामास्तरकी करून तो १९८३ मध्ये यूएसएफएल या नव्या लीगमध्ये फिलाडेल्फिया स्टार्सकडून उतरला. प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला तिथे तीन वर्षं पारखलं आणि १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जाताना सोबत नेलं. १९९५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कॅरोलिना पँथर्सच्या पहिल्यावहिल्या विजयात जेट्सचा आखूड पास हवेतच पकडून त्याने ३६ यार्ड धावत टचडाउन केला. हे पायांच्या वेगाने होत नाही. पास सुटण्याआधीच तो ओळखावा लागतो. २०२२ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं, तेव्हा त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी विसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर चढण्यासाठी त्या वर्षीची दुसऱ्या फेरीची आणि पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची निवडही डेन्व्हरला दिली आणि डेव्हिन बुशला घेतलं. उंची ५ फूट ११, चाळीस यार्डांना ४.४३ सेकंद. पहिल्या वर्षी त्याने शंभरावर टॅकल केले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि परतल्यावर तो पूर्वीचा बुश वाटला नाही. २०२२ मध्ये संघाने त्याच्या कराराचं पाचवं वर्ष नाकारलं. दुखापतीचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. पण वेगासाठी एवढी किंमत मोजताना वेग थोडा कमी झाला तर हातात काय उरेल, हे आधीच विचारायला हवं. मिल्सच्या बाबतीत उरण्यासारखं पुष्कळ होतं.

शेवटी लाइनबॅकरच्या पुढे कोण उभं आहे तेही बघायचं. बचावाच्या पुढच्या फळीतले मधले दोन खेळाडू, म्हणजे टॅकल, आडदांड असतील आणि प्रतिस्पर्ध्याच्या गार्डना जागेवरच गुंतवून ठेवत असतील, तर शंभर किलोचा लाइनबॅकर मोकळा धावतो. ते नसतील तर हाच खेळाडू तिसऱ्या सामन्यापर्यंत जायबंदी होईल. अशा संघाने त्याच्यावर पहिल्या फेरीची निवड खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दोन टॅकल कसे निवडतात, ते पुढच्या लेखांकात.