दूध उतू का जाते?

दुधाला पूर्णान्न म्हणतात. पण हे पूर्णान्न फार खोडकर आहे. आपण समोर बसलो की गप्प राहते आणि पाठ फिरली की पातेल्याबाहेर उडी मारते.

आमच्या घरी दूध उतू गेले की आई म्हणते, "वन्सं, तुमचं लक्ष होतं ना?" आत्या म्हणते, "मी नाय बाई, आई बसली होती चुलीपाशी." आजी म्हणते, "मला मेलीला दिसतंय कुठं!" शेवटी मांजराचे नाव येते. मांजर तर गोठ्यात झोपलेले असते. मग सगळी हसतात. एकट्या आईला हसू येत नाही, कारण धाकट्या बाळाचे दूध चुलीत गेलेले असते.

असे का होते ते मी गुरुजींना विचारले. गाईच्या दुधात १०० भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणी असते. हे ऐकून वर्गातली सगळी मुले रतीब घालणाऱ्यांच्या मुलाकडे बघायला लागली. पण हे पाणी गाईनेच घातलेले असते!

तापल्यावर या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा दीड हजार पटीहून जास्त जागा लागते. नुसत्या पाण्यात बुडबुडे वर येऊन लगेच फुटतात. दुधात मात्र प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असतात. त्यांची वर साय धरते. बुडबुडेही चिवट होतात, लवकर फुटत नाहीत. वाफ खाली कोंडते आणि सगळा फेस उचलून वर येते.

आता पाठ फिरल्यावरच का? दूध तापायला बराच वेळ लागतो. तोवर काहीच होत नाही, म्हणून माणूस कंटाळून उठतो. उतू जायला मात्र थोडे क्षण पुरतात. म्हणजे दूध आपली वाट बघत नाही, आपल्यालाच दम निघत नाही.

उपाय सोपे आहेत. पातेले मोठे घ्यावे. जाळ कमी ठेवावा. मधून मधून ढवळावे म्हणजे साय मोडते आणि वाफेला वाट मिळते. फेस वर आलाच तर पाण्याचा हबका मारावा.

गंमत अशी की रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवून ते मुद्दाम उतू घालवतात. त्या दिवशी ते शुभ असते, दुसऱ्या दिवशी त्याच दुधासाठी बोलणी बसतात! १९७० साली आपल्या देशात दूध वाढवायची मोठी योजना सुरू झाली. डॉ. वर्गीस कुरियन तिचे प्रमुख होते. तिचे नाव 'ऑपरेशन फ्लड', म्हणजे दुधाचा महापूर. त्या पुराने देशात दूध वाढले, चुलीवरच्या पुराने घरातले कमी होते.

पण एक लक्षात ठेवा. दूध सांडले तर हसावे, कोणाच्या अंगावर सांडले तर हसू नये. उकळत्या दुधाने फार भाजते. भाजलेल्या जागी लगेच साधे गार पाणी २० मिनिटे सोडावे. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. जास्त भाजले तर दवाखान्यात न्यावे.

आणि मांजरावर आळ घेऊ नये. त्याला बोलता येत नाही.

— इयत्ता ४ थी